रेल्वेचा रूळ 60 अंशांना टिकतो, मग माणूस 41 अंशांना का दगावतो?

मे महिन्यात रूळ हात लावता येणार नाही इतका तापतो तरी त्याला काही होत नाही, आणि माणसाचं अंग चार अंशांनी जास्त तापलं की जिवावर बेततं, असं का, हा तुमचा प्रश्न. मी चंद्रपूरला विज्ञान शिकवते. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही.

आधी रुळाचं. त्यालाही होतंच की! एक किलोमीटर मोकळा रूळ 40 अंशांनी तापला तर जवळपास 46 सेंटिमीटर लांबतो. पूर्वी म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवत, गाडीचा तो ठेक्यातला खडखडाट तिथलाच. आता वेल्डिंग करून सलग केलेल्या रुळांना लांबायला जागा नसते. न झालेली वाढ ताण होऊन आत साठते, आणि स्लीपर नि खडी तो ताण धरून ठेवतात. ती पकड कुठे ढिली पडली तर रूळ एकदम आडवा वाकतो. भर दुपारी गँगमन रुळांवर गस्त घालतात ती यासाठीच. थंडीत उलटं होतं: रूळ आखडतो आणि त्याला तडा जाऊ शकतो.

पण रूळ हवेबरोबर तापतो, हवेबरोबर निवतो. शरीराला ही मुभा नाही. आपली प्रथिनं नाजूक बंधांनी घडी घालून ठेवलेली असतात. थोडी उष्णता वाढली तरी त्या घड्या सैल होऊ लागतात, पेशींची आवरणं गळकी होतात. शिवाय अंग निववायला रक्त कातडीकडे धावतं, तेव्हा आतड्यांना ते कमी पडतं. मग आतड्यातली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात, आणि यकृत, मूत्रपिंड, मेंदू असे अवयव एकामागून एक ढासळू लागतात.

हे टाळायला शरीराकडे कडक उन्हात एकच खरं हत्यार उरतं, ते म्हणजे घाम. कातडी साधारण 35 अंशांची असते. हवा त्याहून गरम झाली की वारासुद्धा अंगात उष्णता ओततो. मात्र एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळताना, हे महत्त्वाचं. टपटप गळून गेलेला घाम शरीराचं पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा देत नाही. आमच्याकडे 45 अंशांची हवा कोरडी असते म्हणून वाळ्याचा कूलर चालतो आणि माणूसही तगतो. कोकणपट्टीत 37-38 अंश त्याहून घातक ठरू शकतात. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात दहाहून अधिक माणसं उष्माघाताने गेली. तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. बातम्यांत नुसते अंश सांगतात, दमटपणा सांगत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

आणखी एक गोष्ट, कारण इथे जीव जातात. उष्माघात म्हणजे ताप नव्हे. तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो आणि पॅरासिटामॉल ती खाली आणतं. उष्माघातात पातळी जागेवरच असते, शरीर फक्त हरलेलं असतं. तिथे गोळीचा उपयोग नाही. उन्हातला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर अंगाला घाम आहे की नाही हे बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. कुणाला तरी 108 लावायला सांगा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.