पैठणी ऑनलाइन विकण्यासाठी व्यावसायिक छायाचित्रकार नेमावा का, आणि नेमल्यास त्याच्याशी आधी काय ठरवावे?

प्रश्न : येवल्यात आमचे घरचे हातमाग आणि एक लहान दुकान आहे. आता पैठण्या इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून विकायच्या आहेत. मोबाईलवर काढलेले फोटो चालतील का, की व्यावसायिक छायाचित्रकार नेमावा? नेमल्यास खर्च, फोटोंची मालकी वगैरे गोष्टी कशा ठरवाव्यात?

उत्तर :

मी नाशिकमध्ये व्यावसायिक छायाचित्रण करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या कामात साड्या व दागिने यांचा वाटा मोठा असतो, त्या अनुभवावरून उत्तर देत आहे. आपल्याला दोन्ही लागेल. मात्र कोणते फोटो कोणी काढायचे हे आधी ठरवले नाही, तर पैसे नको त्या जागी खर्च होतात. हातमागाच्या पैठणीत एका रंगसंगतीचा आणि एका पदराचा बहुधा एकच नग असतो, आणि तो विकला गेला की त्याच्या फोटोचे कामही संपते. अशा प्रत्येक नगासाठी छायाचित्रकार बोलावणे भारी किमतीच्या पैठणीला एक वेळ परवडेल, साध्या बुट्टीच्या पैठणीला परवडत नाही. याउलट मागावर चाललेले विणकाम, कांड्यांवरचे रेशीम, पदरावरच्या मोरांची आणि आसावलीची (फुलवेलीच्या नक्षीची) अगदी जवळून घेतलेली दृश्ये, काठांचे प्रकार आणि दुकानाची ओळख करून देणारे फोटो दोन-तीन वर्षे सहज वापरता येतात. व्यावसायिक माणसावरचा खर्च तिथे करावा आणि रोजच्या नगांचे फोटो घरातल्याच कोणीतरी, एक ठरलेली जागा आणि ठरलेला प्रकाश वापरून, मोबाईलवर काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती जागा लावून देण्याचे आणि घरच्या माणसाला शिकवण्याचे कामही छायाचित्रकाराकडून करून घेता येते. कोटेशन मागतानाच तसे विचारावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो रंगाचा आहे. साडीच्या ऑनलाइन व्यवहारात फोटो सुंदर आला की नाही यापेक्षा, पार्सल उघडल्यावर ग्राहकाला फोटोतलीच साडी हातात आल्यासारखे वाटते की नाही, याला जास्त महत्त्व आहे. «फोटोत रंग वेगळा होता» म्हणून परत आलेली साडी उघडलेली, उलगडलेली आणि कधी कधी अंगावर लावून पाहिलेली असते, तिची घडी मोडलेली असते, शिवाय जाण्यायेण्याचे कुरिअर आपल्या अंगावर पडते. म्हणून छायाचित्रकाराचे आधीचे काम पाहताना त्याने काढलेल्या सुंदर मॉडेलच्या फोटोंवर जाऊ नये. आपली एक पैठणी त्याच्याकडे देऊन चाचणीचा एक फोटो काढून घ्यावा आणि तो साडीशेजारी धरून, दिवसाच्या उजेडात, दारापाशी पाहावा.

पैठणी या कसोटीला फार अवघड आहे, आणि त्याची कारणे तिच्या विणीतच आहेत. धूपछाँव पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे साडी हलली की रंग बदलतो आणि कॅमेऱ्याचा कोन बदलला तरी बदलतो. अशी साडी टेबलावर सपाट पसरून वरून फोटो काढला, तर दोन्ही रंगांचे मिश्रण होऊन तिसराच मळकट रंग दिसतो. तिला घड्या पडायला हव्यात, म्हणजे घडीच्या कडेवर एक रंग आणि खोलगट भागात दुसरा रंग दिसतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात कोणीतरी पदर हातावर घेऊन सावकाश फिरवते. त्यात ग्राहकाला जे कळते ते पाच फोटोंत कळत नाही.

दुसरी अडचण जरीची. रेशीम प्रकाश एका पद्धतीने परत फेकते आणि धातूची जर वेगळ्या पद्धतीने, त्यामुळे समोरून थेट फ्लॅश मारला की जर पांढरी फटक होते आणि काठावरची नक्षी पुसली जाते. रेशमावरची चकाकी कमी करण्यासाठी काही जण लेन्सवर पोलरायझर (चकाकी गाळणारा फिल्टर) लावतात. त्याने रेशमाचा रंग गडद आणि स्वच्छ दिसतो, पण धातूवरून परतलेल्या प्रकाशावर त्या फिल्टरचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून जर तशीच राहते आणि शेजारच्या रेशमाचा जिवंतपणा मात्र जातो. रेशीम सुती दिसू लागते. मी शक्यतो तो वापरत नाही. एका बाजूला, साडीच्या पातळीपेक्षा थोडा वर, मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडून मऊ, पसरलेला उजेड देणारा दिवा) ठेवतो आणि समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करतो. जरीला चमकण्यासाठी दिव्यापेक्षा एखादा मोठा पांढरा पृष्ठभाग «दिसावा» लागतो. ती शीट चार बोटे पुढे-मागे सरकवली, की काठावरची जर एकदम सोनेरी होते किंवा एकदम तपकिरी पडते, आणि नारळी काठाचे त्रिकोण सुटे दिसू लागतात त्या ठिकाणी शीट थांबवायची असते. प्रकाश बाजूने येत असल्यामुळे विणीचा पोतही उठून दिसतो.

तिसरी अडचण दिव्यांची आणि पडद्याची. एलईडी दिव्यावर «सीआरआय ९५» असे छापलेले असले (सीआरआय म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) तरी तो आकडा आठ फिकट नमुना-रंगांची सरासरी असतो आणि त्यात गडद लाल धरलेला नसतो. त्या लाल रंगाचा आकडा आर-९ नावाने वेगळा दिलेला असतो. कुंकवासारखा लाल, राणी आणि डाळिंबी हे पैठणीचे नेहमीचे रंग स्वस्त एलईडीखाली निस्तेज दिसतात त्याचे कारण हेच. मोरपंखीची गोष्ट निराळी आहे. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसआरजीबी या रंगव्यवस्थेत गडद हिरवट-निळ्या छटांना जागाच कमी आहे, त्यामुळे खरा मोरपंखी रंग कितीही कौशल्याने टिपला तरी बहुतेक पडद्यांवर थोडा निळसर किंवा फिका दिसतो. तो जबरदस्तीने «उठावदार» केला तर वेगळाच रंग तयार होतो. अशा साडीखाली «प्रत्यक्षात रंग फोटोपेक्षा अधिक हिरवट आणि गडद आहे» असे एक वाक्य लिहिणे कोणत्याही रिटचपेक्षा उपयोगी पडते. छायाचित्रकार प्रत्येक प्रकाशयोजनेत ग्रे कार्ड (रंग ताडून पाहण्याचे ठरावीक राखाडी कार्ड) किंवा रंगतक्ता साडीशेजारी ठेवून एक फोटो घेतो का, हे जरूर विचारावे. घेत नसेल तर तो रंग अंदाजाने लावतो. आणि अंतिम फोटो आपण स्वतः किमान दोन-तीन वेगवेगळ्या मोबाईलवर, रंग भडक करणारा «व्हिविड» मोड आणि रात्रीचा पिवळसर मोड बंद करून, पाहावेत.

घरी मोबाईलवर काढायच्या फोटोंसाठी फार सामान लागत नाही. ज्या ओसरीवर किंवा खिडकीपाशी थेट ऊन येत नाही अशी जागा निवडावी, त्या वेळी घरातले सर्व दिवे बंद करावेत, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की अर्धी साडी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची दिसते. शेजारची भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिच्या रंगाची झाकही रेशमावर पडते. साडीच्या दुकानातली पांढरी गादी इथे अनायासे कामाला येते, कारण तिच्यामुळे खालून पांढरा, रंगहीन उजेड मिळतो. फोनमधले ब्युटी मोड आणि फिल्टर बंद ठेवावेत आणि प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) एकदाच ठरवून कायम करावा. आधी घडीच्या रेषा घालवाव्यात. मात्र इस्त्री थेट जरीवर फिरवू नये, मधे मलमलचे कापड घ्यावे.

कोणते फोटो हवेत याची यादी आपण करावी, छायाचित्रकारावर सोडू नये, कारण साडीतले त्याला कळतेच असे नाही. संपूर्ण पदर, काठ (शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे रुंदीबद्दल वाद राहत नाही), अंगावरची बुट्टी, ब्लाउजपीस आणि नेसलेली साडी हे तर हवेतच. पण माझ्या मते पैठणीच्या विक्रीत सर्वांत दुर्लक्षित फोटो म्हणजे पदराच्या मागच्या बाजूचा. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत, तर यंत्रमागावरच्या सेमी पैठणीच्या मागे ते स्पष्ट दिसतात. पदराचा एक कोपरा उलटून, समोरची आणि मागची बाजू एकाच चौकटीत दाखवणारा फोटो आपल्या किमतीचे समर्थन आपोआप करतो. दोन्ही प्रकारचा माल विकत असाल तर मागाचे फोटो सेमी पैठणीच्या पानावर वापरू नयेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असावी लागते आणि जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

संगणकाने तयार केलेल्या मॉडेलच्या अंगावर साडी नेसवून देणाऱ्या सेवा आता स्वस्तात मिळतात, आणि आपल्यालाही कोणीतरी ते सुचवेल. छापील कुर्त्यासाठी त्या एक वेळ चालतील. पैठणीसाठी मी त्या नाकारतो, कारण असे सॉफ्टवेअर नक्षी जशीच्या तशी ठेवत नाही. मोरांची संख्या बदलते, पिसारा भलतीकडे वळतो, काठ निऱ्यांमध्ये अधूनमधून गायब होतो. आपण जे विकतो आहोत ते तीच नक्षी असल्यामुळे हा फोटो खोटा ठरतो. खरी मॉडेल घ्यावी, आणि साडी नेसवणारी अनुभवी बाई सोबत असावी. मॉडेलच्या मानधनात काटकसर केली तरी चालेल, नेसवण्यात करू नये. एक साडी नीट नेसवून, निऱ्या बसवून, फोटो होईपर्यंत अर्धा तास सहज जातो, त्यामुळे एका दिवसात पन्नास साड्या अंगावर दाखवून देण्याचे आश्वासन कोणी दिले तर सावध राहावे.

मापांचा विषय थोडक्यात सांगतो. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी चौकट सोयीची आहे. पुढे ॲमेझॉनवर जाण्याचा विचार असेल तर तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी आणि वस्तूने किमान ८५ टक्के चौकट व्यापलेली असावी लागते, तेव्हा काही फोटो तसेही काढून घ्यावेत. व्हॉट्सॲपवर ग्राहकाला पदराचा बारकावा दाखवायचा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर दाबला जाऊन जरीचे नुसते ठिपके उरतात.

मालकीबाबत बहुतेक दुकानदार आणि बरेच छायाचित्रकारही गैरसमजात असतात. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन, आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या छायाचित्राचे प्रथम मालक आपण असता. मात्र विरुद्ध करार नसेल तरच. म्हणून कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेल्या अटी वाचाव्यात, कारण अनेकदा तिथे हक्क छायाचित्रकाराकडे ठेवलेले असतात. तसे असल्यास आणि तो ते हक्क आपल्याला लिहून देणार असल्यास, मुदत आणि प्रदेश हे दोन्ही शब्दांत लिहून घ्यावेत. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत असा धरला जातो, आणि पैठणी मागवणारे मराठी ग्राहक अमेरिकेत आणि आखातातही आहेत. छायाचित्रकाराला आपले फोटो त्याच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू द्यायला हरकत नसावी, पण दुसऱ्या साडीविक्रेत्याला ते देणार नाही असे स्पष्ट लिहून घ्यावे. एकाच पदराचा फोटो पाच दुकानांच्या पानांवर फिरताना मी पाहिला आहे. मॉडेलची लेखी संमती घ्यावी, आणि मागावरच्या विणकराचा चेहरा दाखवणार असाल तर त्याचीही घ्यावी व त्याच्या बुडालेल्या वेळेचे पैसे द्यावेत. आपल्या घरचाच माग असला तरी तिथे कामाला येणारा कारीगर घरचा नसतो.

दराचे म्हणाल, तर तो नगावर किंवा दिवसावर लावला जातो. सपाट किंवा पुतळ्यावरच्या फोटोंना नगाचा दर आपल्या सोयीचा, मॉडेलच्या आणि मागावरच्या कामाला दिवसाचा. दोन कोटेशनांची तुलना करताना मॉडेल, मेकअप, नेसवणे, येवल्यापर्यंतचा प्रवास आणि रिटच त्यात धरले आहे की वेगळे आहे हे पाहावे, कारण स्वस्त दिसणारे कोटेशन बहुधा इथेच फुगते. छायाचित्रणाच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. आपली नोंदणी असेल तर नोंदणीकृत छायाचित्रकाराच्या बिलावर त्याचे क्रेडिट मिळते, त्यामुळे कराशिवायचा आकडा समोर ठेवूनच तुलना करावी. ॲडव्हान्स देण्यात गैर काही नाही, पण शेवटचा हप्ता फोटो साडीशी ताडून पाहिल्यानंतर द्यायचा, आणि रंग जुळला नाही तर ती साडी पुन्हा टिपून देण्याची जबाबदारी छायाचित्रकाराची, हे कामाच्या आधी ईमेलवर मान्य करून घ्यावे.