ग्रँटच्या फॉर्मात आजीबाईंचं मानधन कुठे दाखवू?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या आदिवासी समाजातलं जुनं विणकाम आता दोनचार म्हाताऱ्या बायकांनाच येतं, ते रेकॉर्ड करायचंय आणि पोरींना शिकवायचंय पण, ग्रँट मागायची तर बजेटमध्ये कॅमेरा सोडून काय लिहायचं?

उत्तर: अहो, कॅमेरा शेवटी लिहा! आधी आजीबाईंचं मानधन, तेही 'किरकोळ खर्च' मध्ये ढकलू नका, जाणकार व्यक्ती म्हणून स्वतंत्र ओळीत, कारण खरी विद्या त्यांच्या हातात आहे आणि बहुतेक अर्जांत नेमकं त्यांनाच फुकटात धरलेलं असतं. मग नोंदी लिहिणाऱ्याचे पैसे, तासाभराच्या व्हिडिओला कोण काय करतंय हे लिहून काढायला कित्येक तास जातात हो. ब्रिटिश म्युझियममधून 2018 पासून चालणारा एक प्रोग्राम अशाच हातातल्या कौशल्यांच्या नोंदीसाठी पैसे देतो, पण जमवलेलं साहित्य डिजिटल संग्रहात सगळ्यांसाठी खुलं होतं, तेव्हा एखादा नमुना फक्त विधीपुरताच असेल तर तो शूट करायचा का हे आधी आजींना विचारा, मग ग्रँटच्या कागदांवर सही करा. आपल्या वारशावर आपलाच ताबा हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींच्या हक्कांवरच्या 2007 च्या जाहीरनाम्यात, कलम 31 मध्ये आहे, अर्जात बिनधास्त लिहा.

आणि शिकवणं वेगळं काम आहे, नोंदीच्या ग्रँटमध्ये वर्गाचा खर्च बसेलच असं नाही, नियम वाचा, नाहीतर त्यासाठी दुसरा अर्ज करा.