लातूरची पीएचडी, वय ३४, कोडिंग येत नाही. हवेच्या गुणवत्तेच्या मॉडेलिंगमध्ये पोस्टडॉक मिळेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पर्यावरणशास्त्रात पीएचडी झाली, आजवरचं सगळं काम फिल्टरवरची धूळ तपासण्याचं, आणि आता हवेची गुणवत्ता व उत्सर्जन मॉडेलिंगकडे, म्हणजे कुठून किती धूर निघतो नि तो हवेत कुठे जातो याच्या संगणकावरच्या गणिताकडे, वळायला उशीर तर झाला नाही ना. नाही झाला. मी अंबाजोगाईजवळच्या गावचा, रसायनशास्त्रातून या कामात आलो. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामाला, रुजू झालो तेव्हा लिनक्सवर फाईल कशी उघडतात तेही मला येत नव्हतं.

वयाचं आधी सांगतो. एएनआरएफ या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीच्या, राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला ३५ ची अट आहे, पण महिलांना ५ वर्षांची सूट मिळते. मुदत २ वर्षं. मेंटॉर, म्हणजे ज्याच्या हाताखाली काम करायचं तो शास्त्रज्ञ, आधी ठरवावा लागतो, त्यामुळे मेल करायला आतापासूनच लागा. पुण्याची आयआयटीएम (हवामान संशोधन संस्था), नागपूरची नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), मुंबईची आयआयटी या जवळच्या जागा. परदेशाची तयारी असेल तर ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबुर्गची आयआयएएसए ही संशोधन संस्था बघा, उत्सर्जनाचा हिशोब करणारं गेन्स हे मॉडेल तिथलंच.

आता कामाचं. डब्ल्यूआरएफ-केम घ्या किंवा सीमॅक, हवेच्या प्रदूषणाच्या या मॉडेलना दोन गोष्टी भरवाव्या लागतात: हवामान आणि उत्सर्जन. हवामानावर जगभर खूप मेहनत झालीय. उत्सर्जनाची बाजू मात्र आपल्याकडे अजून कच्ची आहे. हिशोब दिसायला सोपा: किती जळालं, गुणिले एक किलो जळल्यावर किती धूर निघतो. हे दोन आकडे कुठून आले, कुणी मोजले, हे विचारायची सवय लागणं म्हणजे माझ्या मते पोस्टडॉक.

आमच्याच घरचं बघा. गॅस आहे, चहा-भाजी त्यावर होते. पण आंघोळीचं पाणी आजही चुलीवर तापतं, कापसाच्या पऱ्हाट्या नि तुरीच्या तुराट्या घालून. २०११ च्या जनगणनेत प्रश्न होता तो स्वयंपाकाच्या इंधनाचा. तशा प्रश्नाच्या उत्तरावर उत्सर्जनाची यादी, म्हणजे कुठून किती धूर निघतो याचं कोष्टक, बांधली तर आमच्या घरातून धूर निघतच नाही. उलट चूक पण होते. पिकाच्या क्षेत्रावरून कुणी काढलं की इतक्या पऱ्हाट्या रानात जाळल्या, आणि दुसऱ्या कोष्टकात त्याच पऱ्हाट्या सरपण म्हणून धरल्या, तर एकच मोळी दोनदा जळते. आणि उसाचं पाचट? आग टिपणारे उपग्रह दुपारी दीडच्या आसपास डोक्यावरून जातात. आमच्याकडे पाचट पेटवतात ते दिवस मावळताना, वारा पडल्यावर. रात्री दीडला उपग्रह परत येईपर्यंत फडात राख उरलेली असते. हे माहीत असलेला माणूस संगणकासमोर बसलेला हवा, ताई, आणि तुम्ही त्यातल्या आहात.

माझा एक अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी माझं मॉडेल सकाळचा धूर दाखवतच नव्हतं. मोजणी यंत्रावर सातच्या सुमाराला पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण, चढलेलं, मॉडेलमध्ये सपाट रेघ. तीन आठवडे मी हवामानाच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या. दोष निघाला वेळेत. मॉडेल यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. चुलीचा सकाळी ६ चा आकडा मी तसाच ६ ला भरला होता, म्हणजे मॉडेलमधल्या गावानं चूल पेटवली साडेअकराला. तोवर ऊन तापून हवेचा मिसळणारा थर वर गेलेला असतो, धूर पसरून विरळ होतो. हिवाळ्यात पहाटे हाच थर जमिनीला टेकलेला असतो, म्हणून घरांच्या माथ्यावर निळसर पट्टा थांबतो. तो पट्टा मी लहानपणापासून पाहत आलोय, म्हणून त्या सपाट रेघेवर माझा विश्वास बसला नाही.

कोडिंगला घाबरू नका. पायथन आणि लिनक्स सहा महिन्यांत हाताला बसतं, फोरट्रान ही मॉडेलची जुनी भाषा नुसती वाचता आली तरी भागतं. सुरुवातीला एडगर ही जागतिक उत्सर्जन यादी उतरवून घ्या, फुकट आहे. तिचा एक चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा. जालना उघडा. स्टीलच्या रोलिंग मिल आणि शेजारचं कापसाचं रान एकाच चौकोनात, एकाच आकड्यात गेलेलं दिसेल. जालना, लातूर, संभाजीनगर ही तिन्ही शहरं २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. तिथं आधी भट्टीला हात घालायचा, रस्त्याच्या धुळीला की चुलीला, हे असल्या आकड्यांवरून ठरतं. आकडा चुकला तर पैसा चुकीच्या जागी जातो.

मेंटॉरशी बोलताना एक नक्की विचारा: मला उत्सर्जनाची यादी स्वतः बांधायला मिळेल का, की तयार फाईलवर नुसते रन लावायचे? दुसरं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा.

आणि प्रयोगशाळेतली वर्षं वाया गेली असं मेलमध्ये सुचवू पण नका. फिल्टरवरचं पोटॅशियम किंवा लेव्होग्लुकोसान (लाकूड जळताना तयार होणारी साखर) स्वतः मोजलं असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. लाकूड-काडीचा धूर ओळखायची खूण तीच, आणि मॉडेलवाल्यांच्या गटात ती स्वतःच्या हातानं मोजलेलं माणूस सहसा नसतं.