चेपलेलं अक्षर आणि चेपून काढलेलं अक्षर

नौपाडा, ठाणे

पोरी,

एकांकिकेचं पोस्टर पाहिलं. नावाला ‘तेको’ फॉन्ट बोल्ड घेतलास, झकास. अरुंद, उंच, खांदे जरा चौकोनी. गडकरी रंगायतनच्या फाटकाशी रिक्षातून जाणाऱ्यालाही दिसेल. पण तारीख, कलाकार, ‘विशेष आभार’ सगळंच त्याच अक्षरात? वाचताना सकाळी आठच्या लोकलमध्ये ठाण्याला चढल्यासारखं झालं. असलं अक्षर तीन-चार शब्दांपुरतं, बाकीच्याला साधा ‘मुक्ता’ लाव.

अरुंद अक्षराची खरी गरज जाहिरातीत. पेपरात जागेचे पैसे मोजावे लागतात, म्हणून रुंदी वाचवून उंची वाढवायची. नाटकाची नावं कमल शेडगे हाताने काढायचे, तेव्हा काना कुठे लांबवायचा आणि वेलांटी कुठे आवरायची हे नावागणिक ठरायचं. फॉन्टला ती मुभा नाही. एकच ‘क’ सगळीकडे चालवायचा असतो.

आता खालच्या ओळीबद्दल. तिथे तू दुसराच फॉन्ट घेऊन आडवा दाबलायस ना? लगेच कळतं. रुंदी ६० टक्क्यांवर आणली की काने बारीक होतात आणि शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षर हडकुळं, डोक्यावर तुळई.

हे मी स्वतः करून बसलोय. वाशीच्या एका मंडळाचा फ्लेक्स होता. अक्षरं दाबली, काने बारीक वाटले म्हणून वरून आउटलाइन चढवली. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, ती फट आउटलाइनने बुजली. स्टेशनबाहेर दहा फुटी फ्लेक्सवर ‘मव्य घमाल’! पैसे निम्मेच मिळाले, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

तेव्हा अरुंद हवं असेल तर अरुंदच काढलेलं अक्षर घे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘अनेक’ बघ, २०२२चा. त्यात रुंदी ७५ ते १२५ टक्के आणि वजन, म्हणजे रेघेची जाडी, १०० ते ८०० असं सरकवता येतं, आणि काना-शिरोरेषेचा तोल ढळत नाही. फुकट आहे, तेकोही फुकटच. (‘एक टाइप’चाच ‘मोदक’ही उघडून बघ, कामासाठी नाही, मजेसाठी. पोटातली पांढरी जागा नुसती रेघेएवढी उरलीय.)

कुठलाही जाड फॉन्ट घेण्याआधी ‘राष्ट्रीय’, ‘धर्म’, ‘भूक’ टाइप करून बघ. ष्ट्रचा गोळा झाला, रफार वरच्या ओळीत घुसला किंवा दीर्घ ऊकार कापला गेला, तर तो सोड. आणि दोन अक्षरांतलं अंतर वाढवायला जाऊ नकोस, शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंग्रजीत शोभतं ते, आपल्याकडे दात पडल्यासारखं दिसतं.

शनिवारी ये. पीडीएफ नको, प्रिंट काढून आण. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीवर चिकटवू आणि माझ्या गॅलरीतून वाचू. माझा चष्मा काढून.

तुझा,
काका