पिंपल्सचं जेल सुरू करतेयस ना, मग हे वाच

अगं, आधी ट्यूबवर काय लिहिलंय ते बघ. क्लिंडामायसिन १ टक्का आणि बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच किंवा ५ टक्के असं असेल तर ठीक, पण नुसतं क्लिंडामायसिन असेल तर डॉक्टरांना परत विचार, कारण एकटं अँटिबायोटिक लावत राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. आणि मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने गोरं करणारी ट्यूब दिली तर घेऊच नकोस!! त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं, चार दिवस चेहरा छान दिसतो, मग जास्तच फुटतो. याचा मला फार राग येतो.

रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धू, पूर्ण कोरडा होऊ दे, मग मटाराएवढं जेल पिंपल्स येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरव, एकेका पिंपलवर ठिपके नको, डोळे-ओठ सोड. उशीचा अभ्रा पांढराच घाल, रंगीत कापडाचा रंग उडतो. थोडं कोरडं पडतं, मॉइश्चरायझर लाव. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात सनस्क्रीन लावल्याशिवाय राजवाड्याकडे फिरकूसुद्धा नकोस, आणि ट्यूब स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नकोस.

फरक पडायला ८ ते १२ आठवडे लागतात, धीर धर, पण त्यापुढे स्वतःहून चालू ठेवू नको. कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज) कधी झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांग. खूप जुलाब झाले, रक्त पडलं तर लावणं बंद करून लगेच दाखव. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर सरळ हॉस्पिटल गाठ.