वारा कुठून येतोय, ते आधी विचारा

(अंदमानच्या सहलीबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणारे मूळचे वेंगुर्ल्याचे. पोर्ट ब्लेअरला सरकारी प्रवासी बोटींच्या इंजिनरूममध्ये त्यांनी ११ वर्षं काढली.)

प्रश्न : मुलांची परीक्षा २५ एप्रिलला संपते. यजमानांना रजा मिळते ती मेच्या शेवटच्या दहा दिवसांत, नाहीतर दिवाळीत. बरोबर ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांना सेल्युलर जेल बघायचंच आहे. एजंट म्हणतो, दोन्ही वेळा ‘फुल सीझन’. कधी जावं? — एक वाचक, कराड

ताई, एजंटच्या तोंडी ‘फुल सीझन’ म्हणजे विमानं फुल, एवढंच. समुद्राला त्यानं विचारलेलं नसतं.

दरवर्षी मे महिन्यात पेपरात बातमी येते, ‘मान्सून अंदमानात दाखल’. आपण इकडे खूश, चला, आता पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडे! पण त्या दिवशी तिथं कुणीतरी सहा जणांचं पॅकेज भरून जेट्टीवर बसलेलं असतं. २०२४ मध्ये ही बातमी १९ मेला आली. २०२५ मध्ये तर १३ मेलाच पाऊस निकोबारला टेकला. मेचे शेवटचे दहा दिवस धरलेत, तर ते जेट्टीवरचं कुटुंब तुमचं.

बरं, पावसाला घाबरू नका. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बरेचदा तासभर झोडपतो आणि ऊन पडतं. आपण कोकणातली माणसं, आपल्याला त्याचं काय? भ्यायचं ते वाऱ्याला. कारण तिथं सहल म्हणजे बोट. हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) असो की नील (आता शहीद द्वीप), जायचं बोटीनं आणि यायचंही बोटीनं.

आम्हाला खाली इंजिनरूममध्ये समुद्र दिसत नसे. तो कानानं कळायचा. लाट मोठी असली की बोटीचा पार्श्वभाग उचलला जातो, पंखा पाण्याबाहेर येतो आणि इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडतं. पुन्हा पंखा पाण्यात बुडला की धाप लागल्यासारखा आवाज दबतो. असं लागोपाठ चालू झालं की माझा हात आपोआप कठड्यावरच्या चहाच्या पेल्याकडे जायचा. वर प्रवाशांची काय अवस्था असेल, ते जिन्यावरून येणाऱ्या वासावरून समजायचं. नैर्ऋत्येचा वारा सुटला की हॅवलॉकला जाताना तो पाठीवर असतो, म्हणून माणसं हसत उतरतात. परतताना तोच तोंडावर. सासूबाईंना बोट लागत असेल तर परतीचे अडीच तास त्या तुमच्याशी बोलणार नाहीत. खाजगी बोटी दीडेक तासात पोचवतात, पण खिडक्या बंद, एसी चालू. मळमळणाऱ्याला ते जास्त जड जातं.

आता दिवाळी. इथं आपली माणसं हमखास फसतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की समुद्र हळूहळू निवळतो, दिवाळीत तर मालवणला पाणी काचेसारखं. तोच हिशेब बंगालच्या उपसागराला लावू नका. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येच्या वाऱ्याचा दुसरा पावसाळा असतो, आणि चक्रीवादळं बनायचे दिवसही नेमके हेच. सगळी काही अंदमानवर येत नाहीत. पण कमी दाबाचा पट्टा तयार झाला, इशारा लागला, की बोटी बंद. वादळ पुढे आंध्र-ओडिशाकडे गेलं तरी तुमचे दोन दिवस गेलेले असतात.

म्हणून माझं मत असं की यजमानांना साहेबांकडून रजा पंचवीसेक दिवस अलीकडे ओढून घ्यायला सांगा. २७ एप्रिलला निघा, मेच्या पहिल्या आठवड्यात परत या. उकडेल, घामाच्या धारा लागतील, पण समुद्र तेल ओतल्यासारखा असतो. खरं म्हणजे फेब्रुवारी-मार्च सगळ्यात उत्तम, पण शाळांना कोण समजावणार!

सेल्युलर जेल तर कुठल्याही हवेत बघता येतं. सातांपैकी तीनच भुजा उरल्यात, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिना सासूबाईंना सावकाश चढू द्या. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम मात्र उघड्यावर असतो. तो पहिल्याच संध्याकाळी उरका. पावसानं बुडाला तर पुढच्या संध्याकाळी बघता येतो. आणि एक गोष्ट घट्ट धरा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच (हल्लीचं श्री विजय पुरम) हवा. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीनं येऊन दुपारचं विमान पकडणारे मी बघितलेत. पकडू न शकलेलेही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पॅकेज जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतंय. आम्ही दोघंच आहोत. घ्यावं का? — एक वाचक, नाशिक

दोघंच असाल आणि घाई नसेल तर खुशाल घ्या. जंगल तेव्हा असं हिरवं असतं की डोळे निवतात. फक्त काय मिळणार नाही ते ऐकून ठेवा. जॉली बॉय बेट पावसाळ्यात बंद, त्याऐवजी रेड स्किनला नेतात. हॅवलॉकवरचा राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, नैर्ऋत्येच्या लाटा थेट त्याच्यावर आपटतात. तिथं फोटो काढा, पाण्यात उतरू नका. त्या दिवसांत हॅवलॉकच्या पूर्वेच्या अंगाला, विजयनगर किंवा काला पत्थरला जाऊन बसा. तिथं बेटाचाच आडोसा असतो. हिवाळ्यात नेमकं उलटं, राधानगर निवांत आणि पूर्वेला फेस. हॉटेल ठरवताना खोली किती तारांकित हे सगळे विचारतात. किनारा कुठल्या दिशेला, हे कुणी विचारत नाही.

आणि बोटी कधी बंद पडतील सांगता येत नाही, म्हणून सहा दिवसांचं पॅकेज असेल तर सुट्टी आठ दिवसांची काढा.

प्रश्न : डिसेंबर तरी निर्धोक ना? आणि चार दिवसांत किती ठिकाणं होतील? — एक वाचक, पुणे

नाताळाच्या सुमाराला बहुतेक वेळा हवा छान असते. पण निर्धोक म्हणू नका. २०१६ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला हॅवलॉक-नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते, नौदलाची जहाजं गेली तेव्हा सुटले.

ठिकाणांचं म्हणाल तर तुमच्या दिवसाचे तास मोजा. घड्याळ आपलंच, पण बेटं मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला. डिसेंबरात तिथं संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो. पुण्याच्या सवयीनं नऊला नाश्ता, दहाला बाहेर असं केलंत तर जेवून उठेपर्यंत दिवस कलतो. पहाटे साडेपाचला उजाडतं, तेव्हा उठा. चार दिवसांत पोर्ट ब्लेअर आणि एक बेट, बास. बाराटांगच्या गुहा पुढच्या खेपेला.

बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा तास घ्या, चढल्यावर नव्हे. आधी डॉक्टरांना विचारून. बसायचं मधोमध, खालच्या मजल्यावर, नजर दूर क्षितिजावर. आणि सकाळी उपाशी निघू नका, हे माझ्या बायकोचं सांगणं. ती अकरा वर्षांत एकदाही कोरड्या पोटी चढली नाही. दोन इडल्या, चटणीशिवाय.