आजीची दोन नावं आणि मेरीचं घर

प्रिय सई,

काल माँट्रियलच्या मर्सिए पुलावरून येताना तू विचारलंस, ‘आजीचं नाव लग्नात का बदललं? तिला विचारलं होतं का?’ गाडी चालवताना मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

नाही गं, विचारलं नव्हतं. सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने त्यात ‘सुमन’ लिहिलं आणि माहेरची कुसुम संपली. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, गोत्रही बदललं. पद्धत म्हणून सगळ्यांनी केलं, कौतुकानेच केलं. तरी मला ते पटत नाही, म्हणून मी माझं नाव बदललं नाही.

पुलाच्या दक्षिण टोकाला, नदीकाठी काह्नवाके दिसतं ना? मोहॉक या इथल्या मूळनिवासी लोकांचं गाव. तिथे 1911 साली मेरी टू-अ‍ॅक्स जन्मली. मोहॉक लोकांत कूळ आईकडून येतं. आई अस्वल कुळातली असेल तर मुलंही त्याच कुळातली. पण कॅनडा सरकारचा इंडियन अ‍ॅक्ट उलटंच सांगत होता: बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की बाई ‘इंडियन’, म्हणजे कायद्याच्या लेखी मूळनिवासी, उरत नाही. मोहॉक पुरुषाने गोरी बायको केली तर तिला मात्र तो दर्जा मिळे! मेरी अठराव्या वर्षी ब्रुकलिनला गेली, तिथे एडवर्ड अर्ली या आयरिश वंशाच्या इंजिनिअरशी लग्न केलं, आणि कायद्याच्या लेखी आपल्याच गावाला परकी झाली. आपल्या बायकांची नावं आपल्याच माणसांनी बदलली. मेरीचं गावाशी असलेलं नातं तर परक्यांच्या कायद्याने तोडलं.

1966 मध्ये तिची एक मैत्रीण तिच्या डोळ्यांदेखत गेली. तिनेही बाहेर लग्न केलं होतं आणि तिला गावातलं घर सोडायला सांगितलं होतं. त्या धसक्यानेच ती गेली, असं मेरीला वाटे. अशा बायकांना गावच्या मातीत पुरायलाही परवानगी नव्हती. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

मग पन्नाशी उलटलेली ही बाई उभी राहिली. संघटना काढली, स्त्रियांच्या स्थितीवरच्या शाही आयोगापुढे साक्ष दिली. गावातलेच कितीतरी लोक तिच्या विरोधात होते. 1975 मध्ये ती मेक्सिकोतल्या जागतिक महिला परिषदेत असतानाच इकडे तिला गाव सोडण्याची नोटीस निघाली. तिने ती तिथेच सगळ्या जगासमोर मांडली, आणि नोटीस मागे घ्यावी लागली.

तरी कायदा बदलायला आणखी दहा वर्षं गेली. जून 1985 मध्ये तो बदलला आणि 5 जुलैला दर्जा परत मिळालेली पहिली बाई मेरीच होती. वय 73. 1996 मध्ये ती वारली आणि काह्नवाकेतच तिला पुरलं.

आता तुझा दुसरा प्रश्न, ‘माझ्या नावात बाबाचं नाव आहे, तुझं का नाही?’ तुझ्या जन्माच्या वेळी फॉर्म भरताना मला ते सुचलंच नाही, याची खंत वाटते. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं: आधी बाळाचं, मग आईचं, मग बाबांचं, मग आडनाव. तुला हवं असेल तर बाबाशी बोलू, तोही ऐकेल.

आणि रविवारी आजीचा फोन आला की तिला विचार, ‘कुसुम’ म्हणून तिला अजून कोण हाक मारतं.

तुझी,
आई